ऑफिसचं मेडिक्लेम कार्ड परत करण्याआधी

३१ मे २०१८ ला हे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाले. संध्याकाळी घरी आले तेव्हा हातात शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि एचआरचा एक कागद होता. कागदावर परत केलेल्या वस्तूंची यादी होती: ओळखपत्र, लॉकरची किल्ली, सेफ्टी शूज, मेडिक्लेम कार्ड. मी एकतीस वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळले, कागद वाचायची मला सवय आहे. तरी त्या यादीतल्या चौथ्या ओळीचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना लागला. यांचं वय ६०, मधुमेह २०११ पासून, आणि त्या सकाळपासून यांच्या नावावर एक रुपयाचाही विमा नव्हता.

माझ्या कंपनीची पॉलिसी होती, पण ती फक्त कर्मचाऱ्यापुरती. नवरा, मुलं त्यात नव्हती. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मी निवृत्त झाले की तीही जाणार होती. त्यानंतरच्या वर्षांत आम्ही पित्ताशयाचं एक ऑपरेशन, एक अँजिओप्लास्टी आणि पॉलिसीची अदलाबदल, असं सगळं पाहिलं. चरईतल्या आमच्या इमारतीत आणि जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणींना मी जे सांगत असते ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण निवृत्तीनंतरचा विमा निवृत्तीनंतर शोधायला गेलं की तो मिळतो, पण महाग मिळतो आणि हवा तेव्हा अर्धाच उपयोगी पडतो.

एचआरला लेखी विचारा

निवृत्तीला वर्ष उरलं की ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीबद्दल एचआरला ईमेल करा. तोंडी विचारू नका. उत्तर देणारा माणूस सहा महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. संरक्षण नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं की पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत चालतं, जोडीदार त्यात आहे का, निवृत्तांसाठी वेगळी योजना आहे का आणि असली तर हप्ता कोण भरतं, हे विचारा. शिवाय विमा कंपनी कोणती, पॉलिसी नंबर काय आणि आपण त्यात सलग किती वर्षं आहोत, हेही लिहून मागा.

या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ अवलंबून आहे. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तपासण्या सांगू शकते, हप्ता वयाप्रमाणे बसतो, पण ग्रुपमध्ये काढलेली सलग वर्षं वेटिंग पिरियडमधून, म्हणजे क्लेम मिळू लागण्याआधी थांबायच्या काळातून, वजा होतात. एकदा वैयक्तिक पॉलिसी हातात आली की पुढे दुसऱ्या कंपनीकडेही जाता येतं.

हे ग्रुप पॉलिसीत चौदा वर्षं होते. मायग्रेशन हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. १६ जुलै २०१८ ला, म्हणजे निवृत्तीनंतर साडेसहा आठवड्यांनी, आम्ही नवी पॉलिसी घेतली आणि मधुमेहाचा वेटिंग पिरियड पहिल्या दिवसापासून सुरू झाला. तेव्हा तो चार वर्षांचा होता. एका अर्जाअभावी ती चौदा वर्षं कुठेच धरली गेली नाहीत. म्हणून माझं सांगणं असं की निवृत्तीच्या निदान दोन महिने आधी, कार्ड चालू असतानाच, हा अर्ज विमा कंपनीकडे पोचलेला असू द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

उलटी मोजणी

वेटिंग पिरियड तीन प्रकारचा असतो. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचाच क्लेम होत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, गुडघा बदलणं अशा ठरावीक गोष्टींसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि बीपी, मधुमेह, थायरॉइडसारख्या आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिने. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनी ही मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली. त्याच नियमांत मोरॅटोरियमचा काळ आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. म्हणजे पॉलिसी सलग ६० महिने चालली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडून, ‘अमुक आजार सांगितला नव्हता’ या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही.

आता मागे मोजत या. ५८ ला निवृत्त होणार असाल तर ३६ महिने आधी म्हणजे ५५, आणि ६० महिने आधी म्हणजे ५३. तेव्हा ५२-५३ व्या वर्षी स्वतःची पॉलिसी सुरू झाली, तर ऑफिसचं कार्ड परत करता त्या दिवशी स्वतःची पॉलिसी पूर्ण मुरलेली असते. मध्यंतरी काही झालं तर ऑफिसची आहेच.

‘ऑफिसचं आहे ना, मग दोन दोन हप्ते कशाला?’ हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं असेल. हप्ता खरंच जड वाटत असेल तर त्या वयात लहान मूळ पॉलिसी घ्या आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारी जोड पॉलिसी, जोडा. सुरुवात महत्त्वाची. पन्नाशीत डॉक्टरांचा एखादाच कागद असतो, साठीत फाइल जाड झालेली असते, आणि विमा कंपनी ती फाइल बघूनच ठरवते.

६५ नंतर नवी पॉलिसी मिळतच नाही असं अजूनही सांगितलं जातं. तसं आता नाही, सगळ्या वयांसाठी पॉलिसी उपलब्ध असायला हव्यात असा नियम आहे. पण त्या वयात हप्ता, तपासण्या आणि अटी पाहिल्या की माणूस हबकतो. ज्यांना उशीर झाला आहे त्यांनीही सोडून देऊ नये, फक्त पहिली तीन वर्षं स्वतःच्या शिलकीवर काढायची आहेत हे धरून चालावं.

फॉर्म स्वतःच्या हाताने भरा

२०१८ ला एजंट घरी आला, सोफ्यावर बसून त्याने प्रपोजल फॉर्म भरला, यांनी सही केली. दहा दिवसांनी पॉलिसीची प्रत आली. तिच्याबरोबर प्रपोजल फॉर्मचीही प्रत असते, ती कोणी वाचत नाही. मी वाचली. ‘मधुमेह आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं. विचारल्यावर एजंट म्हणाला, वहिनी, असं लिहिलं की पॉलिसी लवकर पास होते, चार वर्षांनी कोण विचारतंय.

मी त्याच रात्री विमा कंपनीला ईमेल केला: २०११ पासून मधुमेह आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, सोबत शेवटचे तीन रिपोर्ट. कंपनीने हप्ता ४,२०० रुपयांनी वाढवला आणि मधुमेह पॉलिसीत नोंदवून घेतला. तेव्हा ते पैसे मला टोचले होते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, ‘मधुमेह कधीपासून?’ फॉर्मवर २०११, केस पेपरवर २०११. पुढे काही विचारलं गेलं नाही.

पॉलिसी हातात आल्यावर आता ३० दिवसांचा फ्री लुक काळ मिळतो. त्यात ती नको असेल तर परत करता येते. या तीस दिवसांत एक संध्याकाळ काढा, चष्मा घ्या आणि फॉर्ममधला प्रत्येक ‘हो’, ‘नाही’ तपासा. वीस वर्षांपूर्वीचं सिझेरियन, कधी झालेली कावीळ, रोजची बीपीची अर्धी गोळी, सगळं लिहा. बायका स्वतःची दुखणी सांगत नाहीत हे मी पाहिलंय. ‘मला काही नाही’ म्हणणाऱ्या आमच्या शेजारणीच्या डब्यात थायरॉइडची गोळी आठ वर्षांपासून आहे.

खोलीचं भाडं

हा भाग सावकाश वाचा, कारण आमचे सगळ्यात जास्त पैसे इथे गेले.

यांची पहिली पॉलिसी ३ लाखांची होती आणि तिच्यात खोलीचं भाडं सम इन्शुअर्डच्या (विम्याच्या एकूण रकमेच्या) एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. सप्टेंबर २०२१ मध्ये पित्ताशयात खडे आणि जंतुसंसर्ग झाला, रात्री दीड वाजता ॲडमिट केलं. जनरल वॉर्ड भरलेला, मिळाली ती खोली ६,००० ची. मला वाटलं, पाच दिवस फार तर फार पंधरा हजार आपल्या खिशातून जातील.

बिल झालं १,८४,०००. त्यातलं भाडं ३०,०००. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग मिळून ८०,०००. औषधं आणि तपासण्या ७४,०००. आपण परवानगीच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली की कंपनी फक्त भाडं अर्धं करत नाही, खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारे डॉक्टर-थिएटरसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापते. म्हणजे भाड्याचे १५,००० मिळाले, ८०,००० चे ४०,०००. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तूंना हे प्रमाण लावता येत नाही, त्यामुळे ७४,००० तून हातमोजे, डायपर वगैरे ६,००० वजा होऊन ६८,००० मिळाले. एकूण १,२३,०००. उरलेले ६१,००० आम्ही भरले. मी गृहीत धरलेल्या पंधरा हजारांच्या चौपट.

तेव्हा पॉलिसी निवडताना पहिली ओळ शोधायची ती खोलीच्या भाड्याची. ‘मर्यादा नाही’ किंवा निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ असं लिहिलेलं असावं. दुसरी ओळ को-पेची. ज्येष्ठांसाठीच्या पुष्कळ पॉलिसींत २० टक्के को-पे असतो: चार लाखांचं बिल असेल तर ऐंशी हजार आपले, दर वेळी. हप्ता थोडा कमी दिसतो म्हणून को-पे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हप्ता भरायची तारीख ठरलेली असते, आजारपणाची नसते. तिसरी ओळ आजारवार मर्यादेची, विशेषतः मोतीबिंदूची. ‘मोतीबिंदूला एका डोळ्यामागे इतकेच’ असं बारीक अक्षरात असतं आणि साठीनंतर ते ऑपरेशन बहुतेकांना करावं लागतं.

पोर्ट करायची पंधरा दिवसांची खिडकी

ते ६१,००० भरल्यावर आम्ही पॉलिसी बदलायचं ठरवलं. रिन्युअलच्या तारखेआधी ४५ ते ६० दिवस या काळात नव्या कंपनीकडे पोर्टिंगचा अर्ज करायचा असतो. आमचं रिन्युअल १६ जुलैचं, म्हणजे १७ मे ते १ जून. मी कालनिर्णयवर त्या पंधरा दिवसांभोवती लाल पेनाने चौकट केली होती. यांच्या तपासण्या झाल्या, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१ आलं, कंपनीने थोडं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावून १० लाखांची पॉलिसी दिली, खोलीच्या भाड्याची मर्यादा नाही.

पोर्ट करताना जुनी वर्षं आपल्याबरोबर येतात, पण जुन्या रकमेपुरतीच. आमच्या ३ लाखांना आणि त्यावर साठलेल्या बोनसला चार वर्षांचं श्रेय मिळालं. वाढवलेल्या रकमेला वेटिंग पिरियड नव्याने लागला. अँजिओप्लास्टीचं बिल २,६५,००० झालं, ते जुन्या रकमेत बसलं आणि ९,४०० सोडून सगळे पैसे कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनीकडून थेट रुग्णालयाला, मिळाले. बिल पाच लाखांचं असतं तर तेव्हा आमची ओढाताण झाली असती. म्हणून रक्कमही लवकरच वाढवा, शेवटी नको. आणि नव्या कंपनीची मंजुरी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका, हे अगदी कटाक्षाने.

रक्कम किती, आणि कशी रचायची

ठाणे, नवी मुंबईत माणशी १० लाखांचं संरक्षण मी किमान मानते. तेवढ्याची मूळ पॉलिसी झेपत नसेल तर माझ्यासारखं करा: माझी मूळ पॉलिसी ५ लाखांची, वर २० लाखांचा सुपर टॉप-अप, ज्याची वजावट ५ लाख. म्हणजे वर्षभरात ५ लाखांच्या वर गेलेला खर्च सुपर टॉप-अप उचलतो.

घेताना ‘सुपर’ हा शब्द बघून घ्या. साधा टॉप-अप प्रत्येक ॲडमिशन वेगळं मोजतो. समजा एका वर्षात एकदा ३ लाख आणि एकदा ४ लाख खर्च झाला. साध्या टॉप-अपला दोन्ही बिलं ५ लाखांच्या आतली दिसतात, तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप दोन्हीची बेरीज ७ लाख धरतो आणि वरचे २ लाख देतो. दोन्हींच्या हप्त्यात फरक थोडाच असतो, पण अडचणीच्या वर्षी तो दोन लाखांचा होतो.

नवरा-बायकोची एकत्र फ्लोटर पॉलिसी तरुणपणी स्वस्त पडते. साठीनंतर मी वेगवेगळ्या घ्यायच्या मताची आहे. फ्लोटरचा हप्ता मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो, आणि एकाच्या मोठ्या आजारात रक्कम संपली की दुसऱ्यासाठी त्या वर्षी थोडंच उरतं.

मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. त्याच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांना घेता येतं, पगारातून पैसे कापून. आम्ही दोघंही तिच्यात आहोत, ३ लाखांपर्यंत. तिचा फायदा मोठा, कारण अशा ग्रुप पॉलिसीत आधीच्या आजारांना बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. पण त्याने नोकरी बदलली, नवी कंपनी आई-वडिलांना घेत नसली, की ती त्या दिवशी संपली. तिच्या भरवशावर आपली स्वतःची पॉलिसी सोडू नका. दोन पॉलिसी असल्या तर आधी कुठे क्लेम करायचा हे आपण ठरवू शकतो. मुलाची आधी वापरायची, उरलेलं आपल्या पॉलिसीतून.

हप्त्याचे पैसे

पेन्शन नसलेल्या घरात हप्ता भरणं हाच खरा प्रश्न असतो. सत्तरीत हप्ता झेपत नाही म्हणून वीस वर्षांची पॉलिसी सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना त्यानंतरच तिची गरज लागली. मी निवृत्त झाले तेव्हा पीएफच्या पैशातून १० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत वेगळे टाकले. तेव्हा व्याजदर ८.२ टक्के होता आणि तो पाच वर्षं तोच राहतो. दर तिमाहीला २०,५०० येतात, वर्षाचे ८२,०००. ते एका वेगळ्या बचत खात्यात जमा होतात आणि त्या खात्यातून फक्त मेडिक्लेम भरला जातो. भाजी, वीजबिल, नातवाचा वाढदिवस, काहीही त्यातून नाही. आज आमच्या दोघांचा हप्ता त्यात बसतो. पुढे वाढेल, तेव्हा मुद्दल वाढवायला लागेल.

हप्त्याच्या बाबतीत दोन गोष्टी अलीकडे बऱ्या झाल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी. रिन्युअलच्या नोटिशीत उडी मोठी दिसली तर हे कारण देऊन लेखी विचारा.

जुन्या करपद्धतीत असाल तर ज्येष्ठांना हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही.

विम्याबाहेरचा खर्चही धरा. रोजच्या गोळ्या, दात, चष्मा, श्रवणयंत्र, डॉक्टरची भेट, यातलं बहुतेक काही मेडिक्लेममध्ये बसत नाही. यांच्या काही गोळ्या आम्ही डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून आणतो, महिन्याला बराच फरक पडतो.

सरकारी योजना, ज्या लोक विसरतात

सासूबाई ८९ वर्षांच्या आहेत. त्यांना कुठली खासगी पॉलिसी मिळणार? पण २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाख. घरात सत्तरीच्या पुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून. खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोहोंतलं एक निवडावं लागतं. आयुष्मान ॲपवर आधारच्या ओटीपीने मुलाने अर्ध्या तासात काढून दिलं. सासूबाईंच्या आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला होता, तो बदलायलाच चार दिवस गेले, तेव्हा आधी ते तपासा. चौकशीसाठी १४५५५ हा नंबर.

महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेलाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख. साठ ते सत्तरच्या मधल्या ज्यांना पॉलिसी परवडत नाही त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे. शिधापत्रिकेवर आपलं नाव आहे ना, आधारशी जोडलेलं आहे ना, हे निवांतपणी बघून ठेवा. दोन्ही योजना फक्त अंगीकृत रुग्णालयांतच चालतात आणि ठाण्यातली सगळी मोठी खासगी रुग्णालयं त्यांत नाहीत. १५५३८८ वर फोन करून आपल्या जवळचं कोणतं, आणि त्यात हृदयाचे उपचार होतात का, हे आधीच विचारा. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, पहिल्यांदा त्याला भेटायचं.

वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असलेल्यांसाठी एक गोष्ट, जी माझ्या भावाला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कळली. निदान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालात, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयसीची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. वागळे इस्टेट आणि वाशीला त्यांची रुग्णालयं आहेत. कंपनी सोडण्याआधी लागणारा दाखला मागून घ्या.

ॲडमिट व्हायच्या दिवशी

नेटवर्क रुग्णालयांची यादी वाचताना घराकडून रस्ता कसा आहे ते बघा. घोडबंदर रोडला राहणाऱ्याने जुलैच्या पावसात, संध्याकाळी सात वाजता कुठपर्यंत पोचू शकतो याचा विचार करून दोन नावं ठरवावीत. आमच्यासाठी कोपरीकडचं वेगळं, नौपाड्यातलं वेगळं. जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’मुळे नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं, ठरवून होणाऱ्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या वेळी ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांच्या आत.

कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टर घाईघाईत विचारतात, ‘बीपी, शुगर कधीपासून?’ घाबरलेला नातेवाईक म्हणतो, ‘झाली असतील पंधरा-वीस वर्षं.’ ते केस पेपरवर जातं, केस पेपर टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, जातो, आणि प्रपोजल फॉर्मवर वेगळं साल असेल तर क्लेम अडकतो. म्हणून मी यांच्या पाकिटात पोस्टकार्डाएवढा कागद ठेवला आहे: मधुमेह २०११, पित्ताशय सप्टेंबर २०२१, अँजिओप्लास्टी नोव्हेंबर २०२३, चालू गोळ्या, पॉलिसी नंबर. विचारलं की तोंडाने सांगायचं नाही, कागद पुढे करायचा.

कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम बिलावर तीन तासांत उत्तर द्यायचं असा आता नियम आहे. तीन तासांनंतर उशिरामुळे रुग्णालयाने जादा खोलीभाडं लावलं तर ते विमा कंपनीने भरायचं. अंतिम बिल कंपनीकडे किती वाजता गेलं ते टीपीए डेस्कवर विचारून लिहून ठेवा.

घरी आल्यावरचे खर्च पुष्कळ लोक मागायचेच विसरतात. बहुतेक पॉलिसींत ॲडमिट होण्याआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांची औषधं, तपासण्या, डॉक्टरांची भेट भरून मिळते, काहींत याहून जास्त दिवसांची. आम्हाला अँजिओप्लास्टीनंतरचे ११,३०० मिळाले, कारण प्रत्येक बिलावर यांचं नाव आणि मागे डॉक्टरांची चिठ्ठी होती.

क्लेम नाकारला तर

आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तिथून नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. आपल्यासाठी लोकपालांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे, पश्चिमेला, जीवन चिंतामणी इमारतीत. नवी मुंबईकरांचंही तेच. आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते.

आमच्या सगळ्या पॉलिसी, दर वर्षीच्या रिन्युअलच्या पावत्या, प्रपोजल फॉर्मच्या प्रती आणि रिपोर्ट एका निळ्या फाइलमध्ये आहेत. फाइल देवघराखालच्या खणात असते. पहिल्या पानावर मी पुढच्या तारखा लिहिल्या आहेत: १७ मे, पोर्ट करायचं का बघणं, १६ जुलै, रिन्युअल, मे २०२८, यांना सत्तर, वय वंदना कार्ड. सुनेला गेल्या दिवाळीत ती फाइल शेजारी बसून पानापानाने दाखवली आणि टीपीएचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून दिला.